पालीचा भंडारा आणि रुसलेला ऑटोफोकस

पौषात पालीच्या खंडोबाची यात्रा झाली की माझ्या टेबलावर पिवळे कॅमेरे यायला लागतात, हे आता ठरलेलंच आहे. कराड तालुक्यातलं हे पाल म्हणजे हायवेवरनं काशीळला आत वळलं की तारळी नदीच्या काठावर, तिथं खंडोबा-म्हाळसाचं लग्न लागतं आणि भंडारा अशा तऱ्हेनं उधळतात की समोरचा माणूस दिसत नाही. फोटो भारी येतात, त्यात वादच नाही. फक्त पुढचे आठ-पंधरा दिवस आम्ही सातारचे रिपेअरवाले हळद खात बसतो.

यावेळी एक लग्नाचे फोटो काढणारा पोरगा आला, उंब्रजकडचा, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची लग्नाची ऑर्डर होती. चेहरा पडलेला. म्हणाला, काका ऑटोफोकस पार मेलाय, एके ठिकाणी दाखवला तर म्हणाले लेन्सची मोटर गेली, नवीनच घे. मी म्हटलं आधी चहा घे, लेन्सचं नंतर बघू.

लेन्सवरचं एएफ-एमएफचं, म्हणजे ऑटो का हाताचा फोकस ते ठरवणारं बटण बघितलं, ते बरोबर होतं (हसू नका, निम्म्या वेळा तेवढंच निघतं). फोकस मागच्या बटणावर टाकलाय का ते मेनूत बघितलं, तसंही काही नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून शटर अर्धं दाबलं की लेन्स घुर्र करून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची, परत यायची आणि थांबायची, आत हिरवा ठिपका नुसता लुकलुकायचा. आता मला सांगा, मोटर गेली असती तर लेन्स हलली तरी असती का? मग लाइव्ह व्ह्यू चालू केला, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढायचा, समोरच्या कॅलेंडरवर धरलं, फटकन फोकस! पोरगं बघतच राहिलं.

इथंच खरी गोम आहे आणि लोक हेच करून बघत नाहीत. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, फोकसचे रस्ते दोन असतात. स्क्रीनवर बघताना फोकस मेन सेन्सरवरनं होतो, ज्याच्यावर फोटो उमटतो त्याच. व्ह्यूफाइंडरमधनं बघताना मात्र मोठ्या आरशाच्या मधल्या भागातनं थोडा उजेड आरपार जातो, त्याच्या पाठीमागं एक छोटा आरसा लटकलेला असतो तो हा उजेड खाली वळवतो, आणि मिरर बॉक्सच्या तळाशी फोकसचा वेगळा सेन्सर बसलेला असतो त्यावर पाडतो. १९८५ सालच्या मिनोल्टा ७००० मध्येसुद्धा फोकसचा सेन्सर तळाशीच. म्हणजे स्क्रीनवर फोकस होतोय आणि डोळा लावून होत नाहीये, तर लेन्स, तिची मोटर, पितळी दिसणारे ते कॉन्टॅक्ट, सगळं शाबूत आहे, घाण खालच्या रस्त्यावर आहे. एवढ्यासाठी पोरगं नवीन लेन्स घेणार होतं, तीही हप्त्यावर.

लेन्स काढली. कडेनं हळद होतीच. म्हटलं, यात्रेत लेन्स बदललीस? हो म्हणाला, वाइड लावायची होती. आणि नंतर साफ कशानं केलंस? तर गडी गप्प. मग हळूच म्हणतो, पंक्चरवाल्याकडं हवा मारली.

आता काय बोलायचं! त्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि जोर एवढा की वर बसलेली हळद थेट तळाला जाऊन चिकटली. आरसे जाग्यावर राहिले हेच नशीब. मुख्य सेन्सर तेवढा वाचला, कारण त्याच्यापुढं शटर बंद होतं, म्हणून फोटोवर डाग नव्हते आणि याला वाटलं कॅमेरा साफ झाला.

मेनूत क्लीनिंगला टाकून मोठा आरसा वर घेतला, नोटा तपासायची यूव्ही टॉर्च असते ना, ती आत मारली. हळद त्या उजेडात पिवळट हिरवी चमकते, साध्या उजेडात न दिसणारी सुद्धा. तळाच्या इवल्याशा काचेवर मस्त साय धरल्यासारखा थर दिसला. पोराला दाखवला, म्हणालं आयला.

आधी कॅमेरा तोंड खाली करून रबरी ब्लोअरनं हवा मारली, जेवढी सुटी होती तेवढी पडली. तेलकट थर हटेना. पाण्याचा उपयोग नाही, हळदीचा रंग पाण्यात जवळपास विरघळतच नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो, पण तिथंच घोळ पण होतो, कारण बोळा जास्त ओला झाला की रंग सुटून सगळ्या काचेवर पसरतो आणि कडेच्या फटीत उतरतो. म्हणून आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नुसता वास लागेल एवढाच ओला बोळा, एका दिशेनं एकदाच ओढायचा आणि फेकायचा, परत तोच फिरवायचा नाही. टेबलावर पिवळ्या बोळ्यांचा ढीग झाला. छोट्या आरशाला मात्र मी बोळा लावलाच नाही, त्याचा मुलामा वरच्या अंगालाच असतो, एक चरा पडला की कायमचा, तिथं फक्त ब्लोअर आणि धीर.

संध्याकाळी लेन्स लावली आणि व्ह्यूफाइंडरमधनं कॅलेंडरच्या तारखेवर धरलं, टिक, ठिपका स्थिर. पण मी तेवढ्यावर सोडत नाही. पट्टी तिरकी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस केला तर फोटोत फोकस जरासा अलीकडं पडत होता, बहुतेक हवेच्या दणक्यानं छोट्या आरशाचा कोन केसभर हलला असणार. मेनूत फोकस जरा मागं-पुढं सरकवायची सोय असते, मायक्रो अ‍ॅडजस्टमेंट, तिनं तो जुळवून दिला.

पैसे देताना विचारतो, काका, मिररलेस घेतला तर ही कटकट नाही ना? म्हटलं आरसे नाहीत म्हणून ही कटकट नाही, पण बऱ्याच मॉडेलांत लेन्स काढली की सेन्सर उघडाच असतो, भंडारा थेट त्याच्यावरच पडणार, मग तिथं कुठं पळशील? यात्रेला दोन कॅमेरा बॉडी ने, लेन्स बदलायलाच नको, नसेल तर एकाच लेन्सवर भागव, आणि वरनं प्लास्टिकची पिशवी बांध.

कॅमेरा घेऊन गेला. लेन्सची झूम रिंग फिरवली की अजून कर्रकर्र वाजत होती, ती उघडायला निवांत वेळ लागतो, म्हणून म्हटलं उद्याचं लग्न काढ आणि परवा आणून दे.