सीमेवरची ग्रहमाला रचताना आधी निरोपाचा वेळ काढा

विज्ञानकथेसाठी सीमेवरची ग्रहमाला रचायला बसलं की पहिला मोह नकाशाचा होतो. इकडे एक सत्ता, तिकडे दुसरी, मधे लाल रेघ. ती रेघ तूर्त राहू द्या. अशा ठिकाणचा खरा ताण निरोप किती उशिरा पोचतो यातून येतो, आणि तो उशीर कागद-पेन्सिलीने काढता येतो.

तारा सूर्याहून थोडा लहान, नारिंगी के-वर्गाचा (सूर्याहून थंड ताऱ्यांचा गट) घ्या. लाल बटू, म्हणजे त्याहूनही लहान आणि मंद तारा, मी टाळायला सांगेन. त्याच्याभोवतीचा राहण्याजोगा पट्टा इतका जवळ असतो की ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची दाट शक्यता, वर ज्वाळांचा मारा. सगळी कथा हवामान सांभाळण्यातच जाते.

समजा ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या ०.८ पट आणि तेज ०.३६ पट आहे. तेजाचं वर्गमूळ ०.६, म्हणून पृथ्वीइतकं ऊन हवं तर वस्तीचा ग्रह ०.६ खगोलीय एककावर ठेवा. (एक एकक म्हणजे सूर्य ते पृथ्वी, सुमारे १५ कोटी किलोमीटर.) वर्षासाठी, ग्रहाचं अंतर आणि फेरीचा काळ जोडणारा केप्लरचा तिसरा नियम: अंतराचा घन ०.२१६, भागिले ०.८, बरोबर ०.२७. त्याचं वर्गमूळ पृथ्वीचं ०.५२ वर्ष, म्हणजे १९० दिवस. वस्तुमानाने भागायचं हमखास राहून जातं. मग वर्ष १७० दिवसांचं येतं आणि पुढचं सगळं पंचांग कोलमडतं.

आता सीमेची चौकी ४ एककांवरच्या वायुग्रहाच्या चंद्रावर ठेवू. प्रकाशाला एक एकक कापायला ४९९ सेकंद लागतात. दोन्ही ग्रह ताऱ्याच्या एकाच बाजूला असले तर निरोप २८ मिनिटांत पोचतो, विरुद्ध बाजूंना असले तर ३८. विचारून उत्तर येईपर्यंत तास-सव्वा तास जातो. समोर अनोळखी यान आलं की चौकीवरचा अधिकारी तेवढा वेळ एकटा असतो. म्हणून त्याचे कायम आदेश शब्दशः लिहून काढा: इशारा किती अंतरावरून द्यायचा, कोणाच्या परवानगीशिवाय काय करायचं नाही. कथेतला संघर्ष बहुतेक वेळा याच कागदातल्या एखाद्या संदिग्ध वाक्यातून सापडतो.

तारा बरोबर मधे आला की थेट संपर्क तुटतो, तेव्हा निरोप पुढे पाठवणारं रिले ठाणं लागतं. ते वस्तीच्या ग्रहाच्याच ताऱ्याभोवतीच्या कक्षेत, त्याच्या ६० अंश पुढे किंवा मागे ठेवा, तिथे ते स्थिर राहतं. हेच ठाणं वायुग्रहाच्या कक्षेत ठेवलं तर वळसा घालून निरोपाला ६९ मिनिटं लागतात. आतल्या कक्षेतून ४१ पुरतात. शत्रू आधी डोळा ठेवेल तो याच ठाण्यावर.

रसदीचं गणित वेगळं. कमीत कमी इंधनाच्या मार्गाने चौकी गाठायला पृथ्वीची जवळपास दोन वर्षं लागतात, आणि निघण्याची योग्य वेळ साधारण २०१ दिवसांनी एकदा येते. सतत १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाइतकं) त्वरण देणारं इंजिन दिलंत तर ग्रह जवळ असताना हाच प्रवास सव्वापाच दिवसांचा होतो. दोन्हींपैकी एकच निवडा. सरमिसळ केली की जाणकार वाचक पहिल्या प्रकरणातच पुस्तक मिटतो. आणि असं इंजिन लपत नाही: अवकाशाच्या पार्श्वभूमीचं तापमान २.७ केल्विन (सुमारे उणे २७० अंश सेल्सिअस) असताना पेटलेला झोत पलीकडच्या दुर्बिणींना लख्ख दिसतो. छापा अचानक घालायचा असेल तर यानं ग्रहाच्या आडून काढा.

प्रकाशाहून वेगवान प्रवास ठेवणार असाल तर यानं नेमकी कुठे प्रकट होतात ते आत्ताच ठरवा. खरी सीमा तिथेच पडते, नकाशावरची लाल रेघ त्या जागेवरून ओढा.