झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के : लाल रेघांनी दाखवलेला बिघाड

संग्रहात नव्याने दाखल झालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८०च्या दशकातील घरगुती संगणकाच्या पडद्यावर या आठवड्यात प्रथमच, सुरू झाल्यावर दिसणारी त्याची स्वतःची ओळ उमटली. काम पूर्ण झालेले नाही, तरीही आतापर्यंतचा प्रवास सविस्तर नोंदवून ठेवते आहे, कारण बिघडलेली चिप नेमकी कोणती, हे या वेळी यंत्राच्या पडद्यानेच दाखवून दिले.

हे यंत्र रबरी कळांचे, ४८के (किलोबाइट) मेमरीचे आणि 'इश्यू २' म्हणजे दुसऱ्या आवृत्तीच्या बोर्डाचे आहे. 'चालत नाही' एवढीच माहिती सोबत आली होती. जुने यंत्र हाती आले की अडॅप्टर जोडून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण काही वर्षांपूर्वी तशाच घाईत एका चांगल्या यंत्राच्या मेमरी चिप माझ्या हातून जळाल्या, आणि तेव्हापासून मी ताकही फुंकून पिते. स्पेक्ट्रमच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. त्याला ९ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनचे मधले टोक ऋण असते, तर आज घरोघरी पडून असलेल्या बहुतेक अडॅप्टरांचे मधले टोक धन असते. पिन सहज बसते, व्होल्टचा आकडाही जुळतो, आणि यंत्र मात्र प्राणाला मुकते. म्हणून या यंत्रासाठी वेगळा अडॅप्टर ठेवून त्यावर ठळक खूण केली आहे.

झाकण उघडल्यावर बोर्ड स्वच्छ निघाला. झेड८० प्रोसेसरच्या पायांवर वरून डागलेला एक ट्रान्झिस्टर दिसला, तो पाहून नवख्या माणसाला कोणीतरी केलेली ओबडधोबड दुरुस्ती वाटेल. तसे नाही. इश्यू २ बोर्डांवर हा ट्रान्झिस्टर कारखान्यातच जोडलेला असतो, त्यामुळे साफसफाईच्या उत्साहात तो काढून टाकू नये, ही कळकळीची विनंती.

वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजमाप केले. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६के मेमरीत ४११६ जातीच्या आठ चिप असतात आणि त्यांना अधिक ५, अधिक १२ व उणे ५ असे तीन वेगवेगळे दाब लागतात. पैकी अधिक ५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) देतो. उरलेले दोन्ही दाब एक छोटी कॉइल आणि टीआर४, टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर यांच्या साहाय्याने बोर्डावरच तयार होतात. उणे ५ बंद पडले आणि बाकीचे दाब चालू राहिले, तर ४११६ चिपमधून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहतो, ती तापते आणि शेवटी निकामी होते. म्हणूनच मेमरी खराब दिसत असली तरी आधी वीजपुरवठ्याकडे पाहावे लागते. तिथला दोष तसाच ठेवून नव्या चिप बसवल्या, तर त्याही जुन्यांच्याच वाटेने जातात.

माझ्या बोर्डावर टीआर४ आरपार शॉर्ट झालेला आढळला. मागच्या बाजूच्या एज कनेक्टरवर (बोर्डाच्या कडेवरच्या उघड्या पट्ट्यांवर) तिरके ओरखडे आहेत, त्यावरून जॉयस्टिकचा किंवा दुसरा एखादा जोड यंत्र चालू असतानाच ओढून काढला असावा, असा माझा कयास आहे. त्या कनेक्टरवर हे सगळे दाब शेजारीशेजारी खेळत असतात आणि जोड किंचित वाकडा झाला तरी दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात. मात्र टीआर४ मरण्याचे हे एकच कारण नव्हे. एखादी ४११६ चिप आतून शॉर्ट होऊन १२ व्होल्टची वाट जमिनीला (ग्राउंडला) टेकली, तरीही टीआर४ बळी पडतो. त्यामुळे नवा ट्रान्झिस्टर लावण्याआधी प्रत्येक ४११६ च्या १, ८ आणि ९ या पायांपासून १६ व्या पायापर्यंतचा, म्हणजे उणे ५, अधिक १२ आणि अधिक ५ यांपासून जमिनीपर्यंतचा, रोध तपासला. कुठेही शॉर्ट निघाला नाही. मग टीआर४ आणि टीआर५ दोन्ही बदलले, सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर नवे बसवले, आणि त्यानंतरच प्रथम वीज दिली. तिन्ही दाब जागच्या जागी आले.

पडदा पाहता यावा म्हणून मॉड्युलेटरकडे (टीव्हीच्या अँटेनासाठी संकेत तयार करणाऱ्या डब्याकडे) जाणारा जोड सोडवून तेथून थेट कंपोझिट (टीव्हीच्या व्हिडिओ-जोडात चालणारे) चित्र बाहेर काढले. डब्याच्या आतला रोधक न कापता त्याचे एक टोक केवळ उचलून ठेवले आहे, त्यामुळे कोणालाही ते पुन्हा पूर्ववत डागता येईल.

आता मुख्य गोष्ट. पांढऱ्या चौकटीच्या आत काळा पडदा आला, त्यावर बारीक उभ्या लाल रेघा दिसल्या आणि चित्र तिथेच थिजले. निरोगी स्पेक्ट्रममध्येही सुरू होताना अशा रेघा क्षणभर चमकून जातात, आणि त्या का येतात हे समजून घेतले की पुढचे सर्व आपोआप उलगडते. सुरू होताच रॉममधील (कायमस्वरूपी मेमरीतील) प्रोग्राम बाकीची मेमरी तपासतो. तो सर्वात वरच्या पत्त्यापासून खाली १६३८४ पर्यंत प्रत्येक घरात २ हा आकडा लिहितो, मग खालून वर येत प्रत्येक घरातून दोनदा एक वजा करतो आणि दुसऱ्या वजाबाकीला शून्य उरते का, ते पाहतो. पडद्याची मेमरी १६३८४ पासूनच सुरू होत असल्याने हे सगळे आपल्या डोळ्यांसमोर घडते. २ म्हणजे द्विमान पद्धतीत ००००००१०. आठ ठिपक्यांच्या प्रत्येक घरात उजवीकडून दुसरा ठिपका तेवढा पेटतो, आणि पडद्यावर अशी ३२ घरे शेजारीशेजारी असल्याने ३२ उभ्या रेघा तयार होतात. रंगांच्या ७६८ घरांतही २ च लिहिलेला असतो. तिथे त्याचा अर्थ काळ्या कागदावर लाल शाई असा होतो. लाल रेघांचे रहस्य एवढेच आहे.

माझ्या पडद्यावर मात्र रेघांमधील अंतर सारखे नव्हते. भिंग लावून पाहिले, तेव्हा दोन रेघांमध्ये एकदा चार ठिपक्यांची आणि एकदा दोन ठिपक्यांची मोकळी जागा, असा क्रम पडद्यावर शेवटपर्यंत चाललेला दिसला. याचा अर्थ प्रत्येक घरात एकाऐवजी दोन ठिपके पेटत होते : उजवीकडून दुसरा, जो अपेक्षितच होता, आणि डावीकडून दुसरा, ज्याचे तिथे काही काम नव्हते. डावीकडून दुसरा ठिपका म्हणजे उजवीकडून शून्यापासून मोजल्यास सहावा बिट (द्विमान आकड्यातील एक अंक). २ लिहिले तरी ६६ वाचले जात होते. मनात आले, की असे असेल तर रंगांच्या घरांतही सहावा बिट १ च असला पाहिजे, आणि तिथे सहावा बिट उजळपणाचा असतो. शेजारी माझा दुसरा, चांगला स्पेक्ट्रम सुरू करून दोन्ही पडद्यांची तुलना केली. त्याचा लाल मंद होता, याचा लाल लख्ख. एकाच बिटाची साक्ष दोन ठिकाणांहून मिळाली, तो क्षण या छंदातील माझ्या सर्वात आनंदाच्या क्षणांपैकी आहे.

खालच्या मेमरीतील प्रत्येक चिप एकेक बिट सांभाळते. आयसी ६ कडे शून्यावा बिट, आयसी १३ कडे सातवा. म्हणजे सहाव्या बिटाची चिप आयसी १२. बोट टेकवले तर तीच चिप शेजारणींपेक्षा स्पष्टपणे गरम लागली.

अशा वेळी संशयित चिपवर चांगली चिप नुसती चढवून पाहण्याची पद्धत प्रचलित आहे. मीही तसे करून पाहिले आणि चित्रात तसूभरही फरक पडला नाही. यावरून आयसी १२ निर्दोष ठरवली असती, तर मोठी चूक झाली असती. खालची चिप मुकी झाली असेल तर वरची तिच्या जागी बोलू शकते, पण खालची सतत १ च ओरडत असेल तर वरचीला तिचा आवाज दाबता येत नाही. नकारार्थी उत्तर आले म्हणजे चिप चांगली, असा निष्कर्ष या चाचणीवरून काढू नये.

चिप काढताना मी तिचे सोळाही पाय अंगाजवळ कापले आणि प्रत्येक पाय ताजे सोल्डर लावून स्वतंत्रपणे बाहेर काढला. काही मित्रांना चिप अशी कापणे रुचत नाही, हे मी जाणून आहे. पण चिप मेलेली आहे याची खात्री झाल्यावर जपायचा असतो तो बोर्ड, आणि ४० वर्षांहून जुन्या बोर्डावरचे तांबे उष्णतेने फार लवकर सुटते. एवढी काळजी घेऊनही १४ व्या पायाभोवतीचे तांब्याचे कडे निघून आलेच. मी सोल्डरिंग आयर्न तिथे गरजेपेक्षा जास्त वेळ टेकवले होते. पुढच्या जोडापर्यंत बारीक तार टाकून ती वाट पूर्ववत केली, सॉकेट डागले आणि त्यात दुसऱ्या मृत बोर्डावरून काढलेली, तपासलेली ४११६ बसवली. आठही जागी एकाच दाबावर चालणाऱ्या नव्या चिप बसवण्याचा पर्यायही आहे आणि तो टिकाऊ आहे. परंतु उरलेल्या सात मूळ चिप उत्तम चालत असताना बोर्डावरच्या वाटा बदलणे मला पटले नाही.

पुन्हा वीज दिली. रेघा एकसारख्या अंतराने उमटल्या, विरल्या, आणि पांढऱ्या पडद्याच्या तळाशी १९८२ चा स्वामित्वहक्काचा मजकूर आला.

कळपाटाचे काम त्या मानाने सरळ होते. जुन्या मेम्ब्रेनच्या (कळांखालच्या संपर्क-पापुद्र्याच्या) दोन्ही पट्ट्या, पाच वाटांची आणि आठ वाटांची, बोर्डाकडे वळतात तिथेच कडक होऊन तडकल्या होत्या. नवा मेम्ब्रेन मिळतो. खरे कौशल्य वरचा पत्रा न वाकवता सोडवण्यात आहे : केस वाळवण्याच्या यंत्राने गोंद कोमट करून मजबूत दोरा करवतीसारखा हळूहळू ओढत नेला, त्याला पाऊण तास लागला. रबरी चटई साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवली.

कळा चालू लागताच २३७३२ व २३७३३ या पत्त्यांमधील आकडे वाचून मेमरीची वरची सीमा काढली. उत्तर ६५५३५ आले, म्हणजे पूर्ण ४८के हजर. मग मोबाइलवरून आवाजाच्या रूपात मेमरी-चाचणीचा प्रोग्राम भरला. चौकटीत आधी लाल-निळसर रुंद पट्टे आणि मागोमाग निळे-पिवळे बारीक पट्टे धावले आणि पहिल्याच प्रयत्नात तो भरला गेला. पहिली ५० मिनिटे सर्व ठीक होते. त्यानंतर वरच्या ३२के मेमरीत तिसऱ्या बिटावर तुरळक चुका दिसू लागल्या आणि यंत्र थंड झाल्यावर त्या नाहीशा झाल्या.

या वरच्या चिपांचा इतिहास मला फार आवडतो. त्या मुळात ६४ किलोबिटच्या, पण एक अर्धा भाग सदोष निघालेल्या. चांगला अर्धा कोणता हे बोर्डावरच्या एका जोडाने ठरवून त्या वापरात आणल्या गेल्या. तिसऱ्या बिटाची चिप आयसी १८. चुका येत असताना आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा एकेका चिपवर ठेवत गेले. आयसी १८ थंड होताच चुका थांबल्या, आणि ती कोरडी होऊन तापली तशा पुन्हा सुरू झाल्या. हा प्रयोग तीन वेळा केला, तिन्ही वेळा तेच घडले. तिच्या जागी पूर्ण ६४ किलोबिटची ४१६४ चालते, आणि तशी एक चिप माझ्या डब्यात आहे. या वेळी आयर्नचे तापमान कमी ठेवणार आहे, आणि आधी एका निकामी बोर्डावर सोळा पाय काढून हात बसवून घेणार आहे.