आजाराच्या नावापायी अडकलेला क्लेम

क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र मी मुद्दाम उजवा डोळा हाताने झाकून, डाव्या डोळ्याने वाचलं. ज्या ऑपरेशनचे पैसे नाकारले होते, ते त्याच डोळ्याचं होतं. अक्षरं जरा धुरकट होती, पण कारण स्पष्ट वाचता आलं : 'स्टेम सेल थेरपी. प्रायोगिक उपचार. पॉलिसीत समाविष्ट नाही.'

गणपतीला पंधरा दिवस होते, पडवीत कळीचा चुना पिंपात भिजवत होतो. पाणी पडलं की तो उकळतो हे लहानपणापासून माहीत, तरी काठी घेऊन वर वाकलो. शिंतोडा डाव्या डोळ्यात. शेजारच्या काकूंनी खोबरेल सोडलं आणि मी सोडू दिलं. तुम्ही हे करू नका. साध्या पाण्याच्या धारेखाली निदान अर्धा तास डोळा धरा आणि लगेच डॉक्टर गाठून पापणी उलटून बघायला सांगा. माझ्या पापणीतला खडा दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत निघाला, तोवर तो आत जाळतच होता.

थंडीपर्यंत बुबुळ पांढरट झालं, वर लाल शिरांचं जाळं. नेत्रदानातलं बुबुळ बसवून टाका, असं मी डॉक्टरांना म्हटलं. ते आमच्याच बाजूचे. म्हणाले, "तरव्याशिवाय लावणी करता का हो तुम्ही?" तरवा म्हणजे भाताची रोपं. काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या कडेला स्टेम सेल असतात, बुबुळावरची कातडी तिथून सतत नवी होत राहते. माझी ती कड जळली होती. अशा डोळ्यात दुसऱ्याचं बुबुळ नुसतं बसवलं तर टिकत नाही. आधी कड पुन्हा रुजवायची, बुबुळाचं नंतर बघू.

डोळा शांत व्हायला महिने गेले. मग एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून हैदराबाद. आईचं एकच, "चांगल्या डोळ्याला कात्री लावायची? त्यापेक्षा एकानेच बघ हो." उजव्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घेतला, त्याचे आठ-दहा कण केले. डाव्या बुबुळावर बाळंतपणात पडणाऱ्या वारेचा पातळ पापुद्रा पसरून त्यावर ते कण गोंदाने चिकटवले, वर पट्टीसारखी मऊ लेन्स. शब्दशः लावणीच. उजवा डोळा चार दिवस चुरचुरला, संपलं.

खरा त्रास कागदांचा. हेल्पलाइनवाल्या मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, स्टेम सेल टाकलं की सिस्टीममध्ये फक्त बोन मॅरो येतं." म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. शाखेत गेलो, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आमच्या हातात काही नसतं, वरून येतं." वर म्हणजे कुठे, हे तीन फेऱ्यांत कळलं नाही. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस, आणि झेरॉक्सवाल्याशी ओळख वाढली तेवढीच.

मग ईर्ष्येने वाचायला बसलो आणि चार पानी पत्र लिहिलं. इटलीत 1997 साली पेशी प्रयोगशाळेत वाढवून डोळ्यावर बसवल्या, त्या पद्धतीच्या उपचाराला युरोपात 2015 मध्ये मंजुरी मिळाली. माझ्यावर झाली ती निराळी, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी काढलेली, 2012 साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात प्रयोगशाळा नाहीच. तुकडा त्याच टेबलावर, त्याच बैठकीत एका डोळ्यातून दुसऱ्यात जातो. पत्र छान झालं होतं, अजूनही वाटतं. उत्तरात तीच एक ओळ आली, पूर्णविरामांसकट.

एका रात्री डिस्चार्ज कार्ड आणि नामंजुरीचं पत्र शेजारी शेजारी ठेवून बसलो, तेव्हा उजेड पडला. कार्डावर 'स्टेम सेल' हे शब्द एकदाच होते, निदानाच्या रकान्यात : लिंबल स्टेम सेल डेफिशियन्सी. म्हणजे त्या कडेतल्या स्टेम सेलची कमतरता, माझा आजार! ऑपरेशनच्या रकान्यात सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन. त्या नावात 'स्टेम सेल' हे शब्दच नाहीत. कोणीतरी आजाराचं नाव उपचार म्हणून वाचलं होतं आणि सात महिने ते कोणी पुन्हा उघडून बघितलं नव्हतं. हसावं की पिंपातला उरलेला चुना घेऊन शाखेत जावं, कळेना.

हॉस्पिटलकडून सहा ओळींचं पत्र मागवलं : रासायनिक भाजल्याने झालेली इजा, रुग्णाच्याच दुसऱ्या डोळ्यातली ऊती, प्रयोगशाळेत काहीही वाढवलेलं नाही. ते कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केलं आणि खाली लिहिलं, की तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकीलही नको. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, म्हणून फोनवर भांडत बसू नका. मी बसलो. आणि डिस्चार्ज हातात पडला की काउंटरवर उभं राहूनच दोन्ही रकाने वाचा, हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं.

एकोणिसाव्या दिवशी पैसे जमा झाले. गोंद आणि लेन्सचे मात्र कापले, 'किरकोळ साहित्य' म्हणून. त्याचा अर्ज काल टाकलाय.