कदमतचं लगून, आणि पाण्याखालचं कोरल

लक्षद्वीपचं परमिट कसं काढायचं, कोचीहून जहाज कुठलं, उलटी होऊ नये म्हणून काय करायचं यावर ढीगभर लेख आहेत, त्यामुळे ते सगळं सोडते आणि सरळ पाण्यात उतरते. कदमत म्हणजे आठ-नऊ किलोमीटर लांब आणि अगदी चिंचोळं बेट, पश्चिमेला मोठं लगून, म्हणजे कोरलच्या कड्याच्या आतलं उथळ शांत पाणी, आणि ते इतकं नितळ की बोटीत बसूनच तळाची वाळू दिसते. आमच्या ग्रुपने पहिला अर्धा दिवस फक्त फोटो काढले.

मास्क लावून खाली डोकं घातलं तर मात्र जाहिरातीतलं चित्र बऱ्याच ठिकाणी सापडेना. फांद्या फुटल्यासारखं वाढतं ते ॲक्रोपोरा कोरल मोडून तळाशी पडलेलं, त्यावर करड्या-हिरव्या शेवाळाचा थर. मधेमधे पोराईटिस या दुसऱ्या जातीच्या कोरलचे मोठे गोल गड्डे होते, ते पिवळट-तपकिरी, म्हणजे जिवंत. मासे मात्र भरपूर. निळे-हिरवे पॅरटफिश मेलेल्या कोरलवर चोचीने खरवडत होते, आणि तो कर्र कर्र आवाज पाण्याखाली चक्क ऐकू येतो!

आमचा इन्स्ट्रक्टर बेटावरचाच, हिंदी मोडकंतोडकं पण हा विषय निघाला की थांबायचाच नाही. म्हणाला, मॅडम, २०२४ च्या उन्हाळ्यात इथे खाली सगळं पांढरं पडलं होतं, आणि टूरिस्ट लोक वर येऊन म्हणायचे, वा, व्हाईट कोरल किती सुंदर! तो बिचारा काय सांगणार, सुट्टीवर आलेल्या माणसाला.

ते पांढरं का पडतं ते थोडक्यात सांगते. कोरल हा प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंग त्याचाच, आणि खाणं पण बरंचसं तेच पुरवतं, जवळजवळ ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा फक्त १ अंश जास्त तापलं आणि चार-सहा आठवडे तसंच राहिलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं, मग आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. लगेच मरत नाही हं. पाणी वेळेत थंड झालं तर शैवाल परत येतं, नाही झालं तर उपाशी मरतं.

लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ला झालं. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे संशोधक १९९८ पासून अगत्ती, कदमत आणि कवरत्ती या बेटांचे रीफ, म्हणजे कोरलचे कडे, बघतायत, त्यांच्या अभ्यासात २४ वर्षांत जिवंत कोरल जवळपास निम्म्यावर आलंय. रीफला सावरायला साधारण सहा वर्षं शांततेची, म्हणजे असं पांढरं न पडता गेलेली, लागतात, आणि नेमकी तीच आता मिळेनाशी झालीयेत. आणि इथे हा नुसता सुंदर मासे बघण्याचा प्रश्न नाही, कारण ही बेटंच कोरलची बनलेली आहेत, समुद्रापासून जेमतेम मीटर-दोन मीटर वर, आणि लाटा फोडायला बाहेर रीफ आहे म्हणून ती टिकून आहेत. रीफची वाढ थांबली आणि समुद्र चढत राहिला तर आधी विहिरींचं गोडं पाणी खारं होणार. बंगारमजवळचं परली १ नावाचं निर्जन बेट तर पाण्याखाली गेलंच आहे.

रात्री जेवताना ग्रुपमधले एक काका म्हणाले, अगं मग कोरल लावायचं ना, झाडं लावतो तसं. लावतात की! मन्नारच्या आखातात तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून वाढवलेत, गुजरातमध्ये मिठापूरला लोखंडी सांगाड्यातून हलका करंट सोडून प्रयोग केलाय. पण २०२३ च्या जुलैत फ्लोरिडाचं पाणी एवढं तापलं की नर्सरीतलं कोरल उचलून जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवावं लागलं. म्हणजे बघा, लावलेलं कोरलही त्याच गरम पाण्यात राहणार. ऑस्ट्रेलियात उष्णता सोसणाऱ्या कोरलची पैदास करायचा प्रयत्न चाललाय, तो मला जास्त आशेचा वाटतो, पण हजारो चौरस किलोमीटरचं रीफ असं हाताने कोण लावणार.

माझ्या मते इथला खरा उपाय ते खरवडणारे पॅरटफिश. शेवाळ खाऊन ते जागा साफ ठेवतात, मग नवीन कोरलला चिकटायला जागा मिळते. लक्षद्वीपचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या बाहेरच्या समुद्रात गळाने ट्यूना पकडत आले, त्यामुळे रीफचे मासे बरेचसे वाचले, पण आता रीफच्या माशांना बाहेरून मागणी यायला लागलीये, आणि ती थांबवणं माणसाच्या हातात आहे. सांडपाणी लगूनमध्ये न सोडणं, नांगर कोरलवर न टाकणं, हेही. अर्थात हे सगळं वेळ काढण्यापुरतं. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीचा, अंदाज असा की जग दीड अंशाने तापलं तर ७० ते ९० टक्के कोरल जाईल, आणि २ अंशांनी तापलं तर ९९ टक्क्यांहून जास्त, म्हणजे कोळसा आणि तेल जाळणं कमी झालं नाही तर पॅरटफिश तरी काय करणार.

आता जाणाऱ्यांसाठी. एप्रिल-मेमध्ये पाणी सगळ्यात गरम असतं, कोरल आधीच ताणाखाली असतं, त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत जा. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा फुल बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पोहायचा अंगाबरोबर बसणारा शर्ट, घाला, पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशाने तर २०२० पासून कोरलला घातक सनस्क्रीनवर बंदीच घातलीये. दमलात तर कोरलवर उभं राहू नका, इन्स्ट्रक्टरची तरंगती रिंग धरा. आणि जेवणात फिश फ्राय आला की कुठला मासा ते विचारा, ट्यूना असेल तर बिनधास्त दोनदा घ्या.