बाबांची बंदूक ठाण्यात जमा करताना

बाबांच्या निधनानंतर दीड महिन्याने मी माजघरातल्या खुंटीवरची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक खाली उतरवली, तेव्हा ती भरलेली असेल असे माझ्या मनातही आले नव्हते. आमचे गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, जंगलाला लागून आहे. भात, नाचणा आणि रताळी ही इथली पिके, आणि डुकरांचा कळप शिरला की रताळ्याचे शेत सकाळी नांगरल्यासारखे दिसते. म्हणून पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना काढण्याची पद्धत इकडे जुनी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. मात्र हा परवाना शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि रानडुक्करही त्या कायद्याच्या संरक्षणात येते, हे आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक असते, पण शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, राखणीला बसल्यावर त्याची आठवण कोणी काढत नाही.

ही बंदूक मी माझ्या नावावर का करून घेतली नाही, हे सांगायचे तर २००३ सालच्या एका रात्रीबद्दल लिहावे लागेल. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि शेजारच्या आबांच्या माळ्यावर बॅटरी धरून बसलो होतो. बांधापलीकडे वेलांत खसखस झाली. उजेड पडला की डुक्कर पळते, म्हणून आबांनी बॅटरी लावू दिली नाही आणि आवाजाच्या रोखाने बार काढला. वेलांत माझे धाकटे काका होते. खालच्या शेतातली डुकरे हुसकावून ते वाकून बांध चढत होते. आम्ही त्यांना घोंगडीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणले, परंतु जीप मिळून खानापूर गाठेपर्यंत ते राहिले नाहीत. काकूंच्या पदरात दोन मुले होती, त्यांतले धाकटे अजून रांगतही नव्हते. आबांवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा खटला चालला. त्या वेळी दंड संहितेच्या ३०४-अ कलमात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती पाच वर्षांपर्यंत आहे. साक्षीला उभा राहिलो तेव्हा वकिलांनी मला विचारले, "बॅटरी तुझ्याच हातात होती ना?" मी होय म्हणालो. काकूंनी मला कधी दोष दिला नाही, तरी त्यांच्या अंगणातून जाताना माझी मान आजही खाली जाते.

वारस म्हणून माझ्यापुढे दोन वाटा होत्या. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे कायदेशीर वारसाला स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. त्यासाठी वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. हे प्रशिक्षण बाबांच्या पिढीला मिळाले असते, तर कदाचित मला आज हे लिहावे लागले नसते. दुसरी वाट शस्त्र कायद्याच्या कलम २१ ची: ज्याच्या ताब्यातले शस्त्र कोणत्याही कारणाने बेकायदा ठरते, त्याने ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. आधीच दीड महिना उशीर झाला होता. धाकट्या भावाचे मत बंदूक ठेवावी असे होते, कारण डुकरांचा त्रास काही थांबलेला नाही; आईने एका वाक्यात नको म्हटले आणि तो विषय तिथेच संपला.

बंदूक उतरवल्यावर मी ती नेहमीच्या सवयीने तपासली. दारू ठासायचा गज नळीत घालून तोंडाशी बोटाने खूण करायची आणि मग तो बाहेर नळीला लावून पाहायचा, ही आबांची शिकवण. गज तळाला टेकण्याआधी चार बोटे थांबला. म्हणजे आत दारू, ती दाबून धरणारा काथ्याचा बोळा आणि छर्रे तसेच होते. नळीच्या मागच्या निप्पलवर, म्हणजे ठिणगी आत नेणाऱ्या तोटीवर, केप (घोडा आदळला की पेटणारी छोटी टोपी) होते आणि त्यावर घोडा टेकलेला होता. अशी बंदूक खुंटीवरून पडली तर चापाला हात न लावताही बार होऊ शकतो, आणि शेजारच्याच खुंटीला माझी मुलगी रोज शाळेचे दप्तर अडकवत होती. भात पोसवण्याच्या दिवसांत बाबांनी ती भरली असणार आणि त्यानंतर ते अंथरुणाला खिळले. नळीचे तोंड बाहेरच्या भिंतीकडे ठेवून मी केप काढले, पण बार मोकळा करण्याचा प्रयत्न केला नाही आणि ठाण्यात फोन केला. भरलेली बंदूक बसमधून आणू नका, असे त्यांनी बजावले.

दुसऱ्या दिवशी शस्त्रांची जाण असलेले एक हवालदार आले. त्यांनी नळीत पाणी ओतून दारू भिजू दिली आणि टोकाला मळसूत्र असलेल्या गजाने काथ्याचा बोळा ओढून काढला. वर्तमानपत्रावर काळा चिखल आणि त्यात शिशाचे छर्रे पडले. काकांना लागलेले छर्रे असेच असतील, एवढेच मला सुचले.

कागदपत्रांना मात्र चार खेपा पडल्या. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) वंशवृक्ष, आई, भाऊ आणि बहीण यांची स्टांप पेपरवरची संमती, मूळ परवाना आणि कन्नडमध्ये लिहिलेला अर्ज. एकदा अर्ज परत आला, कारण नळीवरचा क्रमांक परवान्याशी जुळत नाही असा शेरा होता. नळीवर चुना चोळून पुसल्यावर ३ वाटणारा आकडा ८ निघाला. परवाना रद्द करण्याचा अर्ज बेळगावला डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, द्यावा लागला; तिथल्या कारकुनाने मराठीत नीट समजावले, याबद्दल मी ऋणी आहे.

बंदूक जमा करण्याच्या दिवशी कन्नड वाचून दाखवायला आबा माझ्याबरोबर आले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत आणि डबे वाजवून शेत राखतात. पावतीचा प्रत्येक शब्द त्यांनी मला मराठीत सांगितला: ठासणीची बंदूक एक, गज एक, पट्टा एक. बंदूक मात्र त्यांनी हातात घेतली नाही. टेबलावर ठेवली तेव्हा ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले आणि परत येताना बसमध्ये त्यांनी एकदाच विचारले, "रिकामी होती ना रे?" मी पावती त्यांच्या हातात दिली. गाव येईपर्यंत त्यांनी ती घडी न घालता तशीच धरून ठेवली होती.