लाल चड्डीचं काय झालं?

दुपारी जेवून आडवं व्हायचं आणि हाताला लागेल ते वाचत डोळा लागू द्यायचा, हा माझा जुना शिरस्ता. परवा त्यात एका बातमीनं खोडा घातला. एका जुन्यापुराण्या सुपरहिरोची मालिका नव्या लेखकाच्या आणि नव्या चित्रकाराच्या हाती चालली आहे म्हणे. 'संपूर्ण नवी सुरुवात', 'आजवर न पाहिलेलं रूप' वगैरे वगैरे. अंक पुन्हा एकपासून. सोबत त्याचं नवं चित्र. आणि माझी नजर सगळ्यात आधी गेली ती त्याच्या कमरेकडे. पट्टा आहे ना? आणि पट्ट्याखाली?

ही खोड मला सुपरमॅननं लावली. १९३८ मध्ये जेरी सिगल आणि जो शुस्टर या दोन तरुण पोरांनी त्याला वाचकांपुढे उभा केला, तेव्हा त्याच्या घट्ट निळ्या विजारीवर लाल चड्डी चढवली. सर्कशीतले ताकदवान गडी तसेच दिसत, त्यामुळे तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पुढे मात्र त्या चड्डीवरून इतके विनोद झाले, की त्याच्या जागी मी असते तर क्रिप्टॉनला, म्हणजे त्याच्या जन्मग्रहावर, परत गेले असते, ग्रह फुटलेला असला तरी. २०११ मध्ये डीसी या त्याच्या प्रकाशन कंपनीनं आपल्या मालिका एकदम नव्यानं सुरू केल्या आणि चित्रकार जिम लीनं चड्डी काढून टाकली. उभी कॉलर आली, अंगभर चिलखतासारख्या रेघा आल्या. २०१८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' या त्याच्या मालिकेचा हजारावा अंक निघाला. मुखपृष्ठावर सुपरमॅन, आणि चड्डी जागच्या जागी. तीही जिम लीच्याच हातची.

बरं वाटलं. का वाटलं, ते सांगता येणार नाही. चड्डी काही फार सुंदर होती अशातला भाग नाही.

आमच्या घरात कॉमिक्स मी वाचत नसे, ऐकत असे. वाचायचा मान थोरल्या चुलतभावाचा. दादा जमिनीवर पालथा पडून अंक पुढ्यात पसरायचा आणि मी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघायची. पान उलटायचं ते त्यानंच. त्याचं बोट संवादाच्या एका फुग्यावरून दुसऱ्यावर सरकायचं आणि प्रत्येक पात्राला त्यानं ठरवून दिलेला आवाज निघायचा. स्पायडरमॅनचा जरा नाकातला, घाईघाईचा, सर्दी झाल्यासारखा. खलनायक सगळे खर्जात. त्याचा आवाज फुटायला लागला होता, त्यामुळे खर्जातला खलनायक मधूनच चिरकायचा आणि मग दादा तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. मारामारी आली की तिचे आवाज तो तोंडानं काढायचाच, शिवाय कोपरानं मला ढोसायचा.

एकदा नवा अंक उघडला आणि दादा गप्पच झाला. स्पायडरमॅनचा मुखवटा तोच, जाळं तेच. पण मुखवटा उतरला आणि आत कुणी भलताच! आमचा पीटर पार्कर किडकिडा, चष्मिष्ट, पोक काढून चालणारा. हा चांगला खांदे रुंदावलेला, देखणा, केस बसवलेले. दादानं घसा साफ केला आणि एक जाडा, आरामशीर आवाज लावला. मी किंचाळले, ''हा तो नाहीये!''

''तोंड बघ ना त्याचं,'' दादा म्हणाला, ''या तोंडातून तो आवाज निघेल का?''

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पीटर पार्करला पहिल्यांदा असं देखणं करणारा चित्रकार जॉन रोमिटा. १९६६ मध्ये स्पायडरमॅनचा मूळ चित्रकार स्टीव्ह डिटको अडतिसावा अंक काढून निघून गेला आणि एकोणचाळिसाव्यापासून रोमिटा आला. डिटको परत येईल असं धरून चालल्यामुळे तो सुरुवातीला त्याच्यासारखंच काढायचा प्रयत्न करत होता. पण दुसऱ्याचा हात किती दिवस चालवणार? हळूहळू पीटर रोमिटाचा झाला. आणि खप वाढला, हेही सांगून टाकते, नाहीतर दादा म्हणेल अर्धंच सांगितलंस.

तर कपडे बदलणं हा नव्या टीमचा सगळ्यात सोपा उद्योग. (कधीकधी तो बरोबरही असतो. डेअरडेव्हिल या सुपरहिरोचा पिवळा वेष चित्रकार वॉली वुडनं सातव्याच अंकात लाल केला. पिवळ्यासाठी गळा काढणारं मला कुणी भेटलेलं नाही.) त्याहून मोठा उद्योग म्हणजे मारून टाकणं. सुपरमॅन १९९२ मध्ये मेला, १९९३ मध्ये केस वाढवून परत आला. तिसरा म्हणजे शक्ती काढून घेणं. १९६८ मध्ये वंडर वुमनची शक्ती गेली, वेष गेला आणि ती पांढऱ्या कपड्यात बुटिक चालवू लागली. काळाबरोबर जायचं म्हणून हे केलेलं. आणि १९७२ मध्ये खऱ्या जगातल्या बायकांनी 'मिझ' हे स्त्रीवादी मासिक काढलं, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांना जुन्या वेषातली, धिप्पाड वंडर वुमनच हवी होती. पुढच्या वर्षी तिची शक्ती परत आली. काळाबरोबर जाताना काळाला एकदा विचारून घ्यावं, नाही का?

पण मला हेवा वाटतो तो 'स्वाम्प थिंग' या मालिकेचा. अलेक हॉलंड नावाचा शास्त्रज्ञ स्फोटात होरपळून दलदलीत पडतो आणि शेवाळ, मुळं, चिखल यांचा राक्षस होऊन उठतो. पुन्हा माणूस व्हायची त्याची धडपड, एवढ्यावर मालिका चालायची. खपही यथातथाच. अ‍ॅलन मूर हा लेखक आला आणि १९८४ च्या एका अंकात त्यानं काय केलं, तर राक्षसाचं शवविच्छेदन. चिरफाड करणाऱ्याला आत फुप्फुसासारखं काहीतरी सापडतं, पण त्यातून श्वास घेता येणार नाही. हृदयासारखं काहीतरी सापडतं, पण ते रक्त ढकलू शकणार नाही. नुसत्या वनस्पतीनं केलेल्या नकला. म्हणजे माणसाचं झाड झालंच नव्हतं. हॉलंड केव्हाच मेला होता, आणि झाडाला वाटत होतं की आपण हॉलंड आहोत. आता परत माणूस होणार कोण?

मागचा एकही अंक रद्द केला नाही. फक्त ते सगळे पुन्हा वाचायला लावले, आणि वाचताना पोटात कालवायला लागलं. एवढं जमत असेल तर खुशाल एकपासून सुरू करा, चड्डीचं मी बोलणार नाही.

आणि पहिल्या अंकाच्याही आधी झालेलं एक नवं रूप आहे. चित्रकार बॉब केननं बॅटमॅनचं पहिलं चित्र काढलं ते, त्याचा लेखक जोडीदार बिल फिंगर याच्या सांगण्याप्रमाणे, लालसर कपड्यातल्या माणसाचं. डोळ्यांपुरता छोटा मुखवटा, पाठीला ताठ पंख. फिंगर म्हणाला, डोकं झाकू या, वर कान काढू या, पंख नकोत, झगा असू दे, रंग काळपट करू या, डोळ्यांत बुबुळं नकोतच. मग १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या सत्ताविसाव्या अंकातली पहिली गोष्टही फिंगरनंच लिहिली. नाव छापलं गेलं केनचं एकट्याचं. पुढे कितीतरी टीम आल्या, त्यांनी कान लांब केले, आखूड केले, छातीवर पिवळा लंबगोल चढवला, उतरवला, आणि प्रत्येक वेळी निर्माता म्हणून तेच एक नाव छापलं जात राहिलं. फिंगर १९७४ मध्ये वारला. निर्मितीच्या श्रेयात त्याचं नाव अधिकृतपणे आलं २०१५ मध्ये, तेव्हा बॅटमॅन शहात्तर वर्षांचा होता. एक नाव छापायला एवढी वर्षं का लागावीत, हे आजवर कुणीही मला पटवून देऊ शकलेलं नाही.