वळिवाच्या दिवशीचा मसालेभात

मे महिन्यात बेळगावात दुपारनंतर वळीव कोसळतो, हे मुहूर्त काढणाऱ्यांनाही ठाऊक असतं. तरी शहापुरातल्या एका कार्यालयात त्या संध्याकाळी सहाशे पानांचं रिसेप्शन होतं. खानापूर रस्त्यावर झाड आडवं झालं, वऱ्हाडाच्या बसगाड्या अडकल्या आणि निम्मी माणसं आलीच नाहीत. साडेनऊला फोन आला, "ताई, गाडी घेऊन या."

आमचा गट उरलेलं अन्न उचलतो. खाण्याजोगं असेल ते जिल्हा रुग्णालयाच्या आवारात थांबलेल्या नातेवाइकांना, बाकीचं खतखड्ड्यात. कुठलं कुठं जाणार हे मी ठरवते, आणि भांडण तिथंच होतं.

आचारी गोकाककडचा, जाणता. त्यानं भाताचं एक पातेलं झाकण न काढता निखाऱ्यावर ठेवलं होतं. थर्मामीटर खुपसला, ७४ अंश. ते घेतलं. बुंदीचे लाडू, पुऱ्याही घेतल्या. पण टेबलावरच्या परातींतला मसालेभात सहापासून उघडा, पार कोमट. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न ताटकळलं की जिवाणू फोफावतात. भाताचं तर जास्तच जपावं लागतं, त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. कोशिंबिरीला तर वासच सुटला होता.

"हे नाही नेणार."

नवरीचे काका तापले. "अन्न टाकायचं? गोरगरिबांना चालतंय की!"

"मग सकाळी तुमच्याच घरी न्या, काका."

"आमच्यात शिळं कोण खात न्हाई."

उरलेलं अन्न वाटण्याबद्दल अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१९ चे नियम आहेत, पण लग्नघरात नियम कोण ऐकतो! मागून आचारीच कानडीत म्हणाला, "ब्याडरी मालक," म्हणजे नको हो मालक. माझ्या व्याख्यानापेक्षा ते दोन शब्द कामाला आले. काका पुटपुटत लाडू मोजायला गेले.

दवाखान्यात वाटप पटकन उरकलं, भुकेल्यांपुढं वेळ लागत नाही. खरं काम दुसऱ्या सकाळी. शिजलेला भात चिकट, नुसता टाकला तर हवा कोंडते आणि गल्लीभर दुर्गंधी. म्हणून आधी पाणी निथळू द्यायचं, मग दुपटीनं उसाचं पाचट आणि सुका पाला मिसळायचा, वर शेणकाला. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, लोक ते जाळतात याचंच मला नवल वाटतं. काही दिवसांत ढिगाच्या पोटात ६० अंश भरले, म्हणजे कुजणं नीट सुरू झालं. मग ढीग अधूनमधून पलटायचा.

खत येळ्ळूरच्या भातशेतीत जातं. तिथल्या शेतकऱ्याची तक्रार एकच, खतात चमचे येतात. त्या परातींतून आम्ही बादलीभर प्लॅस्टिकचे चमचे वेचले. कार्यालयवाल्याला बजावलंय, चमचे वेगळे काढले नाहीत तर गाडी दारात लागणार नाही.